मदत हवी आहे: नवऱ्याला ठासणीची बंदूक भेट द्यायचीय, कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहात आणि नेमबाजीवर आधी धागे निघालेले बघितलेत, म्हणून धीर करून विचारतेय.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. नवरा गेली चार वर्षं ऑफिसातल्या एका मित्राबरोबर रविवारी सकाळी क्लबात जातो, तिथे सगळे जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकाच चालवतात. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी, मग गजाने खालपर्यंत ठासायची, आणि एवढं सगळं करून एक बार. आधी मला वाटायचं यात काय मजा, पण एकदा त्याच्याबरोबर जाऊन बसले आणि बघितलं की एरवी दर पाच मिनिटांनी फोन बघणारा हा माणूस तीन तास एका लाकडी बाकाशी उभा राहून गोळ्या ठासतोय आणि चेहरा असा शांत की लग्न झाल्यापासून मी तसा फार वेळा बघितला नाहीये.

तर आता तो मित्र रिटायर होऊन मुलीकडे दुसऱ्या राज्यात गेला आणि बंदूक त्याचीच होती, ती त्याच्याबरोबर गेली. नवरा काही बोलला नाही. पण गेले दोन रविवार सकाळी उठून लॉन कापत बसतो, मागच्या रविवारी तर कापलेलंच परत कापलं. ऑगस्टअखेर त्याला ५० पूर्ण होतायत आणि मला त्याला स्वतःची बंदूक द्यायचीय, सरप्राइज. बजेट १२०० डॉलरपर्यंत, थोडं पुढे गेलं तरी चालेल.

आतापर्यंत मला जे कळलंय ते असं की मुख्य दोन प्रकार, चकमकीची आणि टोपीची. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते, ती पोलादावर घासून ठिणगी वाटीतल्या रंजकीवर (पेट घ्यायला ठेवलेल्या बारीक दारूवर) पडते आणि तिथून बारीक भोकातून आग नळीत जाते. टोपीच्या बंदुकीत तांब्याची इवलीशी टोपी निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या भोकाच्या बोंडावर, बसवतात आणि घोडा तिच्यावर आपटतो. टोपीची जास्त भरवशाची असं सगळे म्हणतात. पण आमच्या राज्यात नाताळनंतर हरणांचा जो खास सीझन असतो त्याला फक्त चकमकीचीच चालते, आणि नवरा एकदोनदा म्हणाला होता की कधीतरी त्या थंडीत जंगलात जायचंय. शिवाय १८व्या शतकात जर्मन कारागिरांनी ती लांब नळीची रायफल आमच्याच इकडे लँकेस्टरच्या आसपास घडवली, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे.

माझ्यासमोर सध्या एक आहे जुन्या सामानाच्या दुकानात, थॉम्पसन सेंटर कंपनीची हॉकन रायफल, ५० कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक अर्धा इंच), टोपीची, ४५० डॉलर. दिसायला सुंदर, पितळी काम चकचकीत. दुकानदार म्हणतो शनिवारपर्यंतच ठेवेन. दुसरं म्हणजे पेडरसोली या इटालियन कंपनीची नवीन बंदूक, आणि तिसरं किट, जे घरी घासून पॉलिश करून जोडायचं. मला यातलं काहीच ठरवता येत नाहीये. हॉकन घेऊन टाकू का? त्याच्याबरोबर अजून काय काय लागतं? परवाना लागतो का?

हो, अजून एक, तो साडेपाच फुटांच्या आत आहे, डावखुरा आहे आणि चष्मा लावतो. त्याने फरक पडतो का माहीत नाही. रेंजवरून आला की चष्म्याच्या काचेवर बारीक काळे ठिपके असतात, ते मी साबणाने धुते, काही जातात काही जात नाहीत, म्हणून आठवलं.

प्रतिसाद

ताई, थांबा. शनिवारची घाई करू नका. तुम्ही सगळ्यात शेवटी जे लिहिलंय ना ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

ते काळे ठिपके म्हणजे जळती दारू आहे. उजव्या हाताच्या बंदुकीला लॉक (घोडा आणि दारू पेटवायची यंत्रणा) उजव्या अंगाला असतं, उजवा माणूस डावीकडे गाल टेकतो त्यामुळे मध्ये दस्ता येतो. डावखुरा माणूस तीच बंदूक डाव्या खांद्याला लावतो तेव्हा त्याचा चेहरा लॉकच्याच बाजूला येतो आणि रंजक पेटते ती त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. चार वर्षं तो उसन्या बंदुकीवर असंच चालवत आलाय आणि चष्मा होता म्हणून निभावलं. आणि बार उडताना समोर भडका झाला की माणूस नकळत डोळे मिटतो, चकमकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जो क्षण जातो त्यात बंदूक हलू द्यायची नसते, तिथे डोळा मिटला की नेम गेला. त्याचे नेम चुकत असतील तर त्याचा दोष नाही हे त्याला सांगा. त्याला डाव्या हाताची बंदूक पाहिजे. लॉक डावीकडे. बाकी सगळं यानंतर.

लायमन कंपनीच्या ग्रेट प्लेन्स रायफलमध्ये डावखुरं मॉडेल निघायचं, आता ती रायफल बनत नाही पण जुनी मिळते, शोधत राहावं लागतं. तिच्या नळीचा पीळ (आतल्या खाचांचा वळसा) ६० इंचात एक फेर आहे, म्हणजे चिंधीतल्या गोल गोळीसाठीच केलेली. थॉम्पसन सेंटरची हॉकन ४८ इंचात एक फेर, ती मधली तडजोड आहे, गोल गोळीही चालते आणि लांबट गोळीही. ती वाईट बंदूक नाही, १९७० पासून लाखभर लोक तिच्यावरच शिकले म्हटलं तरी चालेल, पण ती सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या खऱ्या रायफलची हुबेहूब प्रत नाही, नाव आणि थोडा बाज घेतलाय. तुमच्या नवऱ्याला लँकेस्टरचं वेड असेल तर त्याला आखूड अर्ध्या दस्त्याची हॉकन नको असेल, त्याला नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेली लांब रायफल हवी असेल.

उंची कमी आहे तर दस्त्याची लांबी बघा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा ते चौदा इंच असतं, लहान हाताच्या माणसाला ते तेरा सव्वातेरा बरं पडतं. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा, कोपर काटकोनात ठेवून. झोपेत मोजता येणार नाही, काहीतरी निमित्त काढा, स्वेटर विणतेय म्हणा.

परवान्याचं, संघराज्याच्या १९६८च्या कायद्यात अशी ठासणीची बंदूक अँटिकमध्ये मोडते त्यामुळे साधारणपणे नेहमीच्या बंदुकीसारखे फॉर्म लागत नाहीत. पण राज्याराज्यात फरक आहे, शेजारच्या न्यू जर्सीत नियम खूपच कडक आहेत, तेव्हा नदीपलीकडून आणण्याआधी चौकशी करा.

आणि ती जुनी हॉकन बघायला परत जाणार असाल तर एक गोष्ट कराच. निपलवर टोपी नाही ना बघा, तोंड कोणाकडे नको, नळीच्या तोंडासमोर स्वतःचा चेहरा किंवा हात नको. मग गज आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर पेनाने खूण करा, बाहेर काढा आणि बाहेरून नळीला समांतर धरा, खूण तोंडाशी. गजाचं टोक मागे नळी संपते त्या सांध्यापर्यंत पोचलं पाहिजे. दोन इंच अलीकडे थांबलं तर आत भरलेली आहे. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघतात, हे मी ऐकून नाही, बघून सांगतोय.

प्रतिसाद

किटचं बोलतो कारण मी एक केलंय. हल्ली किबलर कंपनीची किटं मशीनवर इतकी नेमकी कापलेली येतात की जोडायला लागतात थोडे तास, खरा वेळ जातो लाकूड घासण्यात आणि रंग चढवण्यात. कर्ली मेपलच्या लाकडावर पहिल्यांदा तो आम्लाचा हात फिरवून वरून गरम हवा मारली आणि लाकडातले पट्टे वाघासारखे वर आले ना, बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. लॉन दोनदा कापणाऱ्या माणसाला हेच द्या असं माझं मत. फक्त ऑर्डर करायच्या आधी डाव्या हाताचं कुठल्या मॉडेलमध्ये मिळतंय ते कंपनीला मेल करून विचारा. स्वस्तातली दोन तुकड्यांच्या दस्त्याची किटं मात्र त्याला देऊ नका, चार वर्षं चांगली बंदूक हाताळलेल्या माणसाचा हिरमोड होतो.

प्रतिसाद

माझं वेगळं मत आहे. सरप्राइज नको. माझ्या नवऱ्याला मी अशीच न विचारता रायफल आणली होती, बिचारा दोन वर्षं चालवत राहिला आणि मग कळलं की समोरून इतकी जड होती की उभ्याने चालवताना खांदा दुखायचा. हे चपलेसारखं आहे, पायात घालूनच बघावं लागतं. लांब रायफलच्या नळ्या ४२-४४ इंचांच्या असतात, जुन्या धाटणीच्या चांगल्या नळ्या मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत किंचित फुललेल्या असतात त्यामुळे हातात अलगद बसतात, सरळसोट अष्टकोनी नळी तेवढ्याच लांबीची घेतली तर लोखंडाचा बार धरल्यासारखं वाटतं. हे फोटोत कळत नाही.

इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे राष्ट्रीय ठासणी संघटनेची, १९३३ सालची आहे ती, वर्षातून दोनदा मोठी स्पर्धा भरते, एक उन्हाळ्याच्या तोंडाला आणि एक सप्टेंबरात. कारागीर, विक्रेते सगळे तंबू टाकून बसलेले असतात, हातात घेऊन खांद्याला लावून बघता येतं. ऑगस्टचा वाढदिवस आणि सप्टेंबरचं फ्रेंडशिप, जमतंय की.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुकानात जाऊन आले आणि अजून हात थोडे थरथरतायत म्हणून आधी तेच लिहिते.

दुकानदाराला म्हटलं गज घालून बघायचंय. तो म्हणाला रिकामीच आहे, पाच वर्षांपासून भिंतीवर आहे. मी तरी पेन काढलं. त्याने बंदूक आडवी टेबलावर ठेवली, तोंड मागच्या विटांच्या भिंतीकडे, निपलवर टोपी नव्हती. गज आत गेला तो शेवटी टण् आवाज करून थांबायला हवा ना, तर थप्प असा बसका आवाज आला, गादीवर काठी मारल्यासारखा. खूण केली, बाहेर धरला. सांध्यापासून चांगली तीन बोटं अलीकडे. दुकानदाराने स्वतः परत करून बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग काही न बोलता दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि ओळखीच्या गनस्मिथला फोन लावला. ती बंदूक पाच वर्षं त्या भिंतीवर होती आणि खाली मुलांच्या खेळण्यांचं शेल्फ आहे. ज्यांनी ते गजाचं लिहिलं त्यांना काय म्हणू, तुम्ही नसतं लिहिलं तर मी ती गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळून हॉलमध्ये ठेवली असती.

ती घेत नाहीये अर्थात, डाव्या हाताचीही नव्हतीच.

चष्म्याचंही त्याला विचारलं, सहज विचारल्यासारखं. म्हणाला हो, तोंडावर येतं थोडं, उसनी बंदूक आहे तर तक्रार कशी करायची. चार वर्षं! मला फार वाईट वाटलं. तो चष्मा मी दर रविवारी धुतला आणि एकदाही विचारलं नाही की हे येतं कुठून.

तर ठरवलंय असं की वाढदिवसाला बंदूक नाही, बाकीचं सगळं द्यायचं एका लाकडी पेटीत, आणि वर फ्रेंडशिपच्या हॉटेलचं बुकिंग. बंदूक त्याने स्वतः हातात घेऊन निवडायची, पैसे मी भरणार. फक्त पेटीत काय काय टाकू?

प्रतिसाद

हे झकास. दारूचं शिंग, पितळी माप (दारू नेहमी मापात घेऊन मग नळीत, शिंगातून थेट कधीच नाही, आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात पेटतं), भोक साफ करायची सुई, वाटीसाठी छोटा ब्रश, गारगोट्या पाचसहा आणि त्या जबड्यात धरायला चामड्याचे तुकडे. इंग्लिश काळ्या गारगोट्या घ्या, ठिणगी छान देतात. पण आकार लॉकवर ठरतो म्हणून जास्त नको. गोळ्या आत्ता नकोच घेऊ, ५० कॅलिबर ठरली तर ०.४९० इंचाची गोळी आणि साधारण ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी, ४५ ठरली तर ०.४४०ची, त्यामुळे बंदूक आली की मग.

दारू खरी काळीच लागेल त्याला, पर्यायी पावडरी पेटायला जास्त उष्णता मागतात, टोपीवर चालतात पण चकमकीत दगा देतात. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नाही, नळी फुटते. आणि पेटीत एक चांगली जाड सुती टॉवेलची थप्पी ठेवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुऊन कोरडी करून तेलाचा हात दिला नाही तर सकाळी गंज दिसतो. रविवार संध्याकाळचा तेवढा वेळ त्याला मोकळा द्या.

धागाकर्ती

देईन, आनंदाने देईन. यादी लिहून घेतली. शिंगाचं आज एकाशी बोलणं झालं, तो विचारतोय पट्टा कुठल्या खांद्यावरून घेणार, कारण शिंगाचा बाक अंगाला लागून बसायला हवा, डाव्या कुशीचं शिंग आणि उजव्या कुशीचं शिंग वेगळं असतं म्हणे. उजवे लोक बहुतेक झोळी आणि शिंग उजवीकडे लावतात ना? मग डावखुऱ्याने सगळं डावीकडे घ्यायचं की शिंग उजवीकडेच राहू देतात? कोणी डावखुरं असेल इथे तर प्लीज सांगा, त्याला बुधवारपर्यंत कळवायचंय.