‘लता स्वरांजली’ची यादी आणि सुमन कल्याणपूर

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 शनिवारी संध्याकाळी ७ वाजता गणपतीच्या मंडपात ‘लता स्वरांजली’. फलक आणि गाण्यांची यादी सोबत टाकली आहे. गाणार आपली सी-५०२ ताई आणि ए-१०४ पप्पू. सहकुटुंब यावे.

माई (बी-१०१): यादी बघितली. त्यातली पाच गाणी लताबाईंची नाहीतच. ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’, ‘ना ना करते प्यार’, ‘तुमने पुकारा और हम चले आए’, ‘परबतों के पेडों पर’, ‘अजहूं न आए बालमा’. पाचही रफीसाहेब आणि सुमन कल्याणपूर यांची. फलक लावण्याआधी कोणाला तरी विचारायचं. मागच्या वर्षीही मीटिंगमध्ये हेच सांगितलं होतं.

बापूकाका (ए-३०२): माई, ‘आजकल तेरे मेरे’ लतादीदींचंच आहे. लहानपणापासून ऐकतोय.

माई: ऐकताय हो, पण तबकडीवरचं नाव कधी वाचलंत? ब्रह्मचारी, १९६८, शंकर-जयकिशन. रफी आणि सुमन.

आप्पा (बी-३०३): रात्री १० च्या आत स्पीकर बंद झाला पाहिजे. मागच्या वेळी झाला नव्हता.

पप्पू (ए-१०४): काका, माईंशी गाण्यावरून पैज लावायची नाही, आख्ख्या बी विंगला माहीत आहे 😄

बापूकाका: पप्पू, तू तुझा सूर सांभाळ. मोठे बोलतायत.

काकू (सी-२०१): पण माई, आवाज अगदी तसाच आहे ना? मलाही लताच वाटायची. ‘केशवा माधवा’ मात्र सुमनताईंचं, एवढं नक्की माहीत आहे.

माई: ‘केशवा माधवा’, ‘केतकीच्या बनी’, ‘निंबोणीच्या झाडामागे’ म्हटलं की आपण लगेच ओळखतो, कारण रेडिओवर ‘गायिका सुमन कल्याणपूर’ हे शब्द कानावर पडत राहिले. हिंदीत तेच गळ्यातलं सोनं दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालं. ‘जब जब फूल खिले’ घ्या, १९६५. त्याच सिनेमात त्याच नायिकेसाठी, नंदासाठी, ‘ये समां’ लताबाई गायल्या आणि ‘ना ना करते प्यार’ सुमनताई. पडद्यावर चेहरा एकच, मग ऐकणाऱ्याने दोन्ही एकाच नावावर टाकली. त्यात सुमनताईंचा काय दोष?

आप्पा: १० वाजता म्हणजे १० वाजता.

सेक्रेटरी: आप्पा, वाचलं. नोंद घेतली आहे.

बापूकाका: मग एवढी मोठी गायिका होती तर रफीसाहेबांबरोबर एकदम एवढी गाणी कुठून आली? आधी तर लतादीदीच गात होत्या.

माई: तेच तर सांगायचंय. साठच्या दशकात काही वर्षं लताबाई आणि रफीसाहेब एकत्र गात नव्हते. वाद रॉयल्टीचा. लताबाईंचं म्हणणं, गाणं विकलं जातं तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, मानधन एकदा घेतलं की आपला हक्क संपला. द्वंद्वगीतं तर लागणारच होती. संगीतकारांनी सुमनताईंना बोलावलं. राजकुमार, शगुन, एप्रिल फूल, सांझ और सवेरा, सगळे सिनेमे १९६४ चे. एका वर्षात शंकर-जयकिशन आणि खय्याम अशा वेगवेगळ्या घरांची गाणी गायची आणि प्रत्येक ठिकाणी शोभायचं. ही बदलीवर आलेली बाई नव्हे.

दादा (ए-४०१): सरळ बोला ना. बाकीच्या गायिकांना वर येऊ दिलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बापूकाका: ओ दादा, गेलेल्या माणसाबद्दल ग्रुपवर असं लिहायचं नाही. गणपतीचे दिवस आहेत.

दादा: गणपतीचे दिवस असल्यामुळेच माझ्या पार्किंगमध्ये मंडपाचे बांबू पडलेत. त्यावर कोणी लिहीत नाही.

खजिनदार: बांबू उद्या हलवतो. ए-४०१ ची वर्गणीही अजून जमा नाही, आठवण म्हणून.

दादा: वर्गणीचा इथे काय संबंध??

माई: दादा, माझ्या तोंडी ते घालू नका. लताबाईंना खाली ओढून सुमनताई मोठ्या होत नाहीत. दोघी ‘चाँद’मध्ये एकत्र गायल्या आहेत, १९५९, हेमंतकुमारांचं संगीत, ‘कभी आज कभी कल’. आणि महाराष्ट्र शासनाने सुमनताईंना जो पुरस्कार दिला तो लता मंगेशकर यांच्याच नावाचा. भांडण लावायचं असेल तर वेगळा ग्रुप काढा. माझं म्हणणं एवढंच की जिचं गाणं, तिचं नाव घ्या.

सी-५०२ ताई: माई, मला सुमनताईंबद्दल दोन वाक्यं निवेदनाला मिळतील का? मला फक्त गाणी माहीत आहेत.

माई: दोनात कसं बसवू गं? ढाक्यात १९३७ चा जन्म, माहेरच्या हेमाडी, मूळ गाव कुंदापूरकडचं. १९४३ ला कुटुंब मुंबईत आलं. चित्रकलेची आवड, जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकत होत्या. गाण्याचे पहिले धडे संगीतकार केशवराव भोळे यांच्याकडे. १९५४ च्या ‘मंगू’ सिनेमात महंमद शफींनी तीन गाणी गाऊन घेतली. मधेच संगीतकार बदलला, ओ. पी. नय्यर आले, आणि तीन गाण्यांतलं एकच राहिलं, ‘कोई पुकारे धीरे से तुझे’. सतरा वर्षांच्या मुलीची सुरुवातच अशी. तरी घाई नाही, कुरकुर नाही. १९५८ मध्ये लग्न होऊन कल्याणपूर झाल्या. पुढे आपणहून मागे राहिल्या. पद्मभूषण मिळाला २०२३ मध्ये. मला तर हे फार उशिरा झालं असंच वाटतं.

काकू (सी-२०१): बाई बाई, एवढं कुठे कोण सांगतं 🙏

पप्पू: माई, तुम्हीच करा ना निवेदन!

आप्पा: निवेदन लांबलं तर १० वाजून जातील. पुन्हा सांगतो, १० च्या आत.

बापूकाका: ठीक. पण ‘रहें ना रहें हम’ तरी लतादीदींचंच ना? की तेही नेणार?

माई: ते दोघींचं आहे. ‘ममता’, १९६६, रोशन यांची चाल. लताबाईंचं एकटीचं एक, आणि रफी-सुमन यांचं दुसरं. बापूकाका, आज रात्री दोन्ही लागोपाठ ऐका. लताबाईंचं ऐकताना वाटतं की ती बाई निरोप घेतेय. रफी-सुमन ऐकताना तीच चाल दोन माणसांच्या गप्पांसारखी हलकी होते, सुमनताई रफीसाहेबांच्या सुराला धक्का न लावता ओळ उचलतात. आवाज सारखा म्हणणाऱ्यांनी हे एक गाणं ऐकावं. पोत वेगळा आहे. सुमनताईंच्या आवाजात किंचित जास्त मऊपणा आहे आणि टोकाला जाऊन चमकायचा हट्ट नाही.

बापूकाका: ऐकतो. पण फलकावरचं लतादीदींचं नाव काढू देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

सेक्रेटरी: फलक छापून लागलेला आहे, मंडळी. पुन्हा छापायचे पैसे नाहीत.

खजिनदार: अजिबात नाहीत.

माई: कोणी काढायला सांगितलं नाही. खाली एक पट्टी लावा, ‘आणि सुमन कल्याणपूर’. फलकावर आहे त्याच मापाच्या अक्षरात. पट्टीचे पैसे मी देते. आणि प्रत्येक गाण्याआधी गायिका, संगीतकार आणि सिनेमा, तिन्ही नावं घ्यायची. यादी मी लिहून देते.

दादा: पट्टी लावायला शिडी माझ्या गाडीवरून नेऊ नका.

सेक्रेटरी: माईंची सूचना मान्य. पट्टी उद्या लागेल. आप्पा, १० च्या आत संपेल. दादा, बांबू सकाळी हलतील. हा विषय इथेच थांबवूया 🙏

सी-५०२ ताई: माई, मग मी ‘रहें ना रहें हम’ दोन्ही घेते, पप्पूबरोबर रफी-सुमनचं आणि एकटी लताबाईंचं. उद्या चारला घरी येऊ का? अंतऱ्यात मी लताबाईंसारखंच घेतेय असं मलाच वाटतंय, तुम्ही ऐकून सांगा.

माई: ये. पप्पूलाही आण, त्याचा वरचा सूर बघायचाय.