स्टायर एलपी१० देऊन मोरिनी इलेक्ट्रॉनिक घ्यावं का?

दहाची_रिंग
प्रकार १० मीटर एअर पिस्तूल. सध्या स्टायर एलपी१० आहे, मेकॅनिकल ट्रिगर, मीडियम ग्रिप. समोरून मोरिनी सीएम १६२ इआयची ऑफर आलीय, वर काही न देता सरळ अदलाबदल. ६० शॉटचा स्कोअर (६०० पैकी) ५५५ ते ५६२ मध्ये अडकलाय. हात उजवा. बिघडलेले शॉट बहुतेक डावीकडे खाली, म्हणजे कार्ड घड्याळ धरलं तर सात-आठ वाजता. तिथे ८ गुण, अधूनमधून ७. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लवकर सुटतो, त्यामुळे हात हलायच्या आत छर्रा बाहेर पडतो असं म्हणतात. यात तथ्य किती? आणि अदलाबदल करायचीच झाली तर काय काय तपासायचं?

छर्रेवाला
तथ्य आहे, पण तुमच्या दुखण्यावर ते औषध नाही. छर्रा नळीतून जायला दोन-तीन मिलिसेकंद घेतो. त्याआधी ट्रिगर सुटल्यापासून हवा सुटेपर्यंतचे काही मिलिसेकंद. इलेक्ट्रॉनिकमध्ये वाचलं तर या दुसऱ्या भागातलं थोडंफार वाचेल. उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट डावीकडे खाली जातो तो बहुतेक वेळा बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते म्हणून, आणि ती आवळते ट्रिगर सुटण्याच्या आधी. साइट (नेम धरायची खूण) तेव्हाच हललेली असते. मग पुढे ट्रिगर कितीही चपळ असो, तो हललेली साइटच कार्डावर पोचवणार.

किती हलली की किती जातं, तेही बघा. दोन साइटमधलं अंतर ३५० मिमी धरा. पुढची साइट मागच्या खाचेत ०.३ मिमी सरकली तर १० मीटरवर शॉट साधारण ८.५ मिमी सरकतो. कार्डावर एका रिंगची रुंदी ८ मिमी. म्हणजे जेमतेम चार-पाच केसांच्या जाडीएवढी चूक आणि एक गुण गेला.

तेव्हा आधी पिस्तुलावरचा आरोप खरा की खोटा ते ठरवा. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) रबर लावून फ्रेम पकडा. नळी किंवा सिलेंडर (हवेची टाकी) चुकूनही आवळू नका. नळी दाबली तर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका) खोटा येतो आणि सिलेंडरमध्ये २०० बार हवा असते. वॉडकटर (सपाट डोक्याच्या) छर्र्यांचे तीन-चार प्रकार घ्या, डोक्याचा व्यास ४.४९ आणि ४.५० मिमी दोन्ही. प्रत्येकाचे १० शॉटचे दोन ग्रुप मारा. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ७-८ मिमी आलं तर पिस्तूल निर्दोष. दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी आणि छर्रा ४.५ मिमी. रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत पडलं की १०. एवढा छोटा ग्रुप देणारं पिस्तूल तुमचे ७ आणि ८ मारत नाहीये.

मोजून_दाब
वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. एलपी१०चा ट्रिगर आत्ता कसा लावलाय? नियमाने ट्रिगर दाबायचं एकूण वजन किमान ५०० ग्रॅम, मग ट्रिगर मेकॅनिकल असो की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक म्हणजे हलका, हा गैरसमज आधी काढून टाका. फरक पडतो तो हे ५०० दोन टप्प्यांत कसे वाटलेत त्याने: आधी ट्रिगर सरकतो तो पहिला, मग अडून शॉट सुटतो तो दुसरा. पहिला टप्पा २०० आणि दुसरा ३०० असेल तर शेवटी भिंतीवर बोट अडतं, माणूस जोर करतो आणि मूठ आवळते. पहिल्यावर ३५०-३८० घ्या आणि उरलेलं दुसऱ्यावर. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरी, मग वजन लावून तपासायचं. आधी किती फेऱ्या होत्या ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर परतीचा रस्ता राहत नाही.

सिअरचा (शॉट सुटेपर्यंत अडवून धरणाऱ्या खटक्याचा) स्क्रू मात्र जपून. पकड फार कमी केली तर दुसरा टप्पा नाहीसा होतो, आणि आणखी कमी केली तर लोडिंग लिव्हर बंद करतानाच हवा सुटते. असं एकदाही झालं तर स्क्रू मागे घ्या आणि छर्रा न भरता वीस-पंचवीस वेळा बंद-उघड करून बघा. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरने वजन उचलतात, म्हणून बरोबर ५०० वर ठेवू नका, ५१०-५२० असावं.

हे करून दोन आठवडे रिकाम्या पांढऱ्या कार्डावर शॉट मारा, काळा गोल नको. नजर साइटवर राहते आणि मूठ आवळली की लगेच कळतं. त्यानंतरही मोरिनी हवीशी वाटली तर खुशाल घ्या. ट्रिगर छानच आहे तिचा.

ओ_रिंग
ट्रिगरवर एवढी चर्चा आणि सिलेंडरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही! जुन्या एअर पिस्तुलाच्या सौद्यात माणूस फसतो तो तिथेच. सिलेंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते, मुदत साधारण १० वर्षं. मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो भरणंही धोक्याचं. दोन्ही बाजूंचे मिळून किती सिलेंडर आहेत आणि प्रत्येकाची किती वर्षं उरलीत, ते आधी मांडा. "सरळ अदलाबदल" सरळ आहे की नाही ते तिथेच कळतं.

गळती: २०० बारपर्यंत सावकाश भरा. घाईने भरलं तर हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. लोक त्यालाच गळती समजतात. तासाभराने आकडा लिहा, २४ तासांनी पुन्हा बघा. उतरला असेल तर जोडावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, बुडबुडा आला की जागा सापडली. बहुतेकदा सिलेंडरच्या आट्यांजवळची ओ-रिंग (रबरी कडी) असते, बदलायला सोपी. तिला फक्त सिलिकॉन ग्रीस. खनिज तेल लावू नका, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा भाग): क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, १० शॉट. पहिला आणि बाकीचे यांत २-३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त फरक नको. मग अर्धा तास तसंच ठेवून पुन्हा एक शॉट. तो एकटाच वेगवान निघाला तर रेग्युलेटर सरकतोय. स्पर्धेत लांब थांबून मारलेला शॉट वर जाईल आणि तुम्ही हाताला दोष देत बसाल.

इलेक्ट्रॉनिकसाठी जास्तीचं: बॅटरीचा कप्पा उघडा. संपर्कपट्टीवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर पुढचं बोलणंच नको. मेकॅनिकल ट्रिगर साफ करून चालू करता येतो. सर्किट गेलं तर ते सहसा अख्खं बदलावं लागतं, आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतील हे आधीच विचारून ठेवा.

ग्रिप विसरू नका. समोरची लार्ज असेल तर मीडियम हातात ती कितीही लेप लावून बसणार नाही.

दहाची_रिंग
व्हाइसचा निकाल: माझ्या स्टायरचा सगळ्यात चांगला ग्रुप ४.४९च्या छर्र्यांचा, कडेपासून कडेपर्यंत ७ मिमी. ४.५०चा ९. ट्रिगर १८० आणि ३३० निघाला, आता ३६० आणि १५५ केलाय. मोरिनीचा ग्रुप ७.५. तिच्यासोबत दोन सिलेंडर आहेत, एक ११ वर्षांचा आणि एक ८. माझे दोन्ही ४ वर्षांचे. ग्रिप मीडियमच.

ओ_रिंग
म्हणजे तुमच्याकडे सिलेंडरची मिळून १२ वर्षं शिल्लक, त्यांच्याकडे दोन. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या, एवढा फरक दोन ग्रुपमध्ये सहज येतो. करायचंच असेल तर समोरच्याने दोन नवे सिलेंडर घालावेत.

छर्रेवाला
आणि सौद्याआधी दोन्ही पिस्तुलांवर तीन दिवस ३०-३० शॉट. पहिल्या दिवशी स्टायर आधी, दुसऱ्या दिवशी मोरिनी आधी. गुण बेरजेत मोजू नका. सात-आठ वाजताच्या कोपऱ्यात कोणाचे किती शॉट गेले, फक्त तेवढं मोजा. एलपी१०मध्ये झटका जिरवणारा अ‍ॅब्सॉर्बर असतो, त्याची सवय असलेल्या हाताला दुसरं पिस्तूल पहिले दिवस उडी मारल्यासारखं वाटेल. त्यावरून निकाल देऊ नका.

दहाची_रिंग
ट्रिगर बदलल्यावरच्या पहिल्या ६० शॉटमध्ये त्या कोपऱ्यात ९ गेले, आधी १७ जायचे. समोरच्याला महिनाभर थांबायला सांगितलंय.