मदत हवी आहे : फायबर लेसरचा मार्क दुपारनंतर फिकट पडतो, रेघेच्या सुरुवातीला खड्डा पडतो

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) करतो. स्पूलच्या तोंडावर नंबर आणि चौकोनी कोड उमटवायला २० वॉटचं फायबर लेसर घेतलंय. क्यू-स्विच आहे, म्हणजे प्रकाश अखंड न सोडता पल्समध्ये, झटक्याझटक्यानं सोडतं, ३० ते ६० किलोहर्ट्झ.

सकाळी आठला मार्क काळाभोर येतो. साडेबारा वाजले की फिकट. पॉवर ८० टक्क्यांवरून १०० वर नेली तरी फारसा फरक नाही. गेल्या आठवड्यात दोनशे नग परत आले, स्कॅनर कोड वाचत नाही म्हणून. शिवाय भिंगातून बघितलं तर ७ च्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला टाचणीनं टोचल्यासारखा खड्डा दिसतो, पुढं रेघ एकसारखी. सगळ्याच आकड्यांचं तसंच.

शेजारी अ‍ॅक्रिलिक कापणारे काका आहेत, ते म्हणतात चिलर (पाण्यानं थंड करणारं यंत्र) लाव. आमचं मशीन पंख्यावर थंड होतं. चष्माही त्यांनीच दिलाय, पांढरा पारदर्शक. फ्रिक्वेन्सी ६० वर ठेवलीय, जास्त ठेवली की खोल जाईल असं वाटलं. ऑर्डर हातची जायला नको हो, कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी तो चष्मा काढून ठेवा. काकांचं मशीन कार्बन डायऑक्साइडचं, १०.६ मायक्रॉनचं. तो प्रकाश साधं प्लास्टिकही अडवतं. तुमचा १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही आणि त्या चष्म्यातून सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत जातो. १०६४ छापलेलाच चष्मा घ्या, आजच. कामगारांनाही. (काकांच्या मशीनसारखा लेसर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये शोधला तो सी. के. एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्यात. काकांना सांगा, खूश होतील.)

आता मार्कची खोली. सरासरी २० वॉट ठरलेले, ते पल्सांत वाटले जातात. ३० किलोहर्ट्झला एका पल्सच्या वाट्याला ०.६७ मिलिज्यूल, ६० ला निम्मे. पल्स साधारण १३० नॅनोसेकंदांचा धरला तर ३० ला शिखराची पॉवर ५ किलोवॉटच्या आसपास जाते. धातू उडवतो तो हा झटका. म्हणून ३० वर या. त्याच्याही खाली गेलात तर एकेका पल्सची ऊर्जा वाढून आतला फायबर जळू नये म्हणून लेसरचा स्रोत (प्रकाश तयार करणारा भाग) स्वतःच सरासरी पॉवर कमी करतो.

दुपारचं दुखणं वेगळं. लेन्स मळली असती तर सकाळीही फिकट आलं असतं. म्हणजे उष्णता. आत पंप डायोड असतात, ते फायबरला प्रकाश पुरवतात. तापले की ते कमी प्रकाश देतात, वर त्यांची तरंगलांबी अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते आणि फायबरमधलं यटर्बियम (त्या प्रकाशातून लेसर घडवणारं मूलद्रव्य) तो प्रकाश नीट शोषत नाही. अशा वेळी १०० टक्के करणं म्हणजे डायोड आणखी तापवणं. उद्यमबागेत फाउंड्रीची काळी धूळ किती, तुम्हाला सांगायला नको. पंख्याची जाळी उघडून बघा.

खड्ड्याला दोन कारणं असू शकतात. बीम बंद असताना यटर्बियम सुमारे मिलिसेकंदभर ऊर्जा साठवून धरतं, त्यामुळं पहिला पल्स जोरात बसतो. किंवा बीम फिरवणारे आरसे वेग घेण्याआधीच लेसर चालू होतो. सॉफ्टवेअरमध्ये लेसर-ऑन डिले (लेसर किती उशिरा चालू व्हावा ती वेळ) थोडा थोडा वाढवा. खड्डा गेला तर कारण आरसे. नाही गेला तर पहिला पल्स दाबायची सोय स्रोतात आहे का ते विक्रेत्याला विचारा.

मूळ लेखक

जाळी उघडली. बोटाला काजळी लागावी तसा काळा थर, निम्मी भोकं बुजलेली. साफ करून, ३० किलोहर्ट्झ आणि ८० टक्क्यांवर आज चार वाजेपर्यंत चालवलं, शेवटचा नगही स्कॅनरनं वाचला. डिले १०० मायक्रोसेकंद वाढवला तर खड्डा उथळ झाला, पण आहे अजून. नवे चष्मे आले की आणखी ५० वाढवून बघतो आणि ७ चा फोटो इथंच टाकतो. चष्मे दोन मागवलेत, येईपर्यंत मशीन बंद.