सोसायटीची सहल: आधी ओहोटी बघा, मग बस ठरवा

सेक्रेटरी (बी-४०१): नमस्कार मंडळी. पौषातली सहल समुद्राकडे न्यायची हे मीटिंगमध्ये ठरलं, जागा राहिली. काशीदच्या एका रिसॉर्टचा दर आलाय. एक मुक्काम, पूल, रेन डान्स, दोन वेळचं जेवण. हरकत नसेल त्यांनी अंगठा द्या.

नाईक वहिनी (ए-२०२): माझा अंगठा नाही. पूल तर कुठेही मिळतो. आमची धाकटी चौथीत आहे, वर्षभर शिवाजी महाराज शिकतेय आणि तिने अजून एकही पाण्यातला किल्ला पाहिलेला नाही. काशीदला जायचंच आहे तर जंजिरा तिथून किती लांब आहे?

रोहित (सी-१०४): जंजिरा +१. अलिबागचा कुलाबा किल्ला पण घ्या. मागच्या सहलीला टूरवाल्याने दुपारी अलिबागला उतरवलं तेव्हा भर भरती होती. किल्ला काठावरून पाहिला, भेळ खाल्ली आणि परत.

देशपांडे आजी (बी-१०१): तुम्ही जा बाळांनो. माझे गुडघे आता किल्ल्याचे राहिले नाहीत.

पाटील काका (ए-३०३): वहिनी, रोहित, सगळेच वाचा. मी अलिबागजवळच्या आक्षीचा, लहानपण त्याच किनाऱ्यावर गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अलिबागला जायचं तर आधी तिथी बघायची, मग बस ठरवायची. आमच्याकडे हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, आलं ते भरतीचं घड्याळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. वेळ सोयीची वाटते, पण अष्टमीच्या सुमारास भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी पुरतं हटत नाही आणि किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर राहतं. पुनवेला उधाण, पाणी लांबवर आत जातं, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. मधला रस्ता म्हणजे वद्य तृतीया-चतुर्थी. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वाआठ-नऊला. चालत जायचं, किल्ला बघायचा, चालत यायचं. ओहोटीच्या आधी-नंतर मिळून दोन-अडीच तास हातात असतात. हे फक्त आखणीपुरतं. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. कॉलेजात असताना मी स्वतः आत रेंगाळलो होतो आणि वाट बुडाल्यावर होडीने परतलो. मुलं बरोबर असताना तो खेळ नको.

नाईक वहिनी: कॅलेंडर काढलं. पौष वद्य तृतीया शनिवारी, चतुर्थी रविवारी. म्हणजे रविवारी संकष्टी!

पाटील काका: मग तर सोन्याहून पिवळं. कुलाब्याच्या आत सिद्धिविनायक आहे, रघूजी आंग्र्यांनी बांधलेला. समुद्राच्या मधोमध पंचायतन आणि जवळच गोड्या पाण्याची बाव.

रोहित: काका, कुलाबा कोणी बांधला? आंग्र्यांनी का?

पाटील काका: काम सुरू केलं महाराजांनी, १६८० मध्ये. महाराज त्याच वर्षी गेले, संभाजीराजांनी पुरा केला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तिथे ठाणं केलं आणि इंग्रज, पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी सगळ्यांना पाण्यावर भारी पडले. १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, आपण तिथे पाच मिनिटं तरी थांबू या. बीचवर हजार माणूस असतं आणि समाधीपाशी कोणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलांना एक गोष्ट हात लावून दाखवा. कुलाब्याच्या तटात मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच मोडतो. आणि मुरूडच्या पद्मदुर्गाला याच्या उलट. तिथे सांधे चुन्याने भरलेत. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन दगड बोटबोट झिजून आत गेलाय आणि चुन्याच्या कडा मधाच्या पोळ्यासारख्या बाहेर उभ्या आहेत. दगड हरला, चुना टिकला. मी त्या कडेवरून बोट फिरवलंय, आजही धार लागते.

सेक्रेटरी: मग पद्मदुर्ग पण घालू का?

पाटील काका: एवढ्या माणसांना नको. तिथली होडी आधी ठरवून न्यावी लागते आणि उतरणं अवघड आहे. मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो, तिथेच लाय पाटलांची गोष्ट सांगू. जंजिऱ्याच्या तटाला रातोरात शिड्या लावणारा कोळी सरदार. महाराजांनी पालखीचा मान दिला, तर म्हणाले, मी दर्यावर राहणारा, पालखी काय करू? मग महाराजांनी त्यांना गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं पालखी.

नाईक वहिनी: 🙏 ही गोष्ट पुस्तकात का नाही!

जोसेफ अंकल (सी-३०२): काका, कोर्लई वाटेवरच ना? आमच्या पॅरिशमध्ये ऐकलंय की तिथली भाषा वेगळी आहे.

पाटील काका: अगदी वाटेवर, रेवदंड्याची खाडी ओलांडली की लगेच. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण कोर्लईतली ख्रिस्ती वस्ती आजही घरात त्यांच्या भाषेतून झालेली बोली बोलते. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची बोली. पावणेतीनशे वर्षं, ना शाळा ना सरकार, आयांनी मुलांशी बोलून टिकवली. म्हणून गावातून जाताना लोकांच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढायचे नाहीत, एवढं आधीच सांगतो. किल्ला दीपगृहाच्या मागून चढायचा, अर्ध्या तासाची चढण. वर गेलं की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र.

रोहित: चौल? दत्ताचा डोंगर? वेधशाळा?

पाटील काका: सगळं कोंबलं की काहीच बघून होत नाही. वेधशाळा बाहेरूनच. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईच्या कुलाब्याहून १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. चौलला रामेश्वर घ्या. दत्ताच्या पायऱ्या पुढच्या वेळी.

सेक्रेटरी: मग असं लिहू का: शनिवारी पहाटे पाचला निघणे, कोर्लई, दुपारी मुरूडला जेवण, तीनच्या आत राजपुरी, होडीने जंजिरा, मुक्काम नागावला. रविवारी सकाळी कुलाबा, समाधी, चौल, परत.

पाटील काका: उत्तम. जंजिऱ्याला ओहोटीची वाट बघायची नाही, शिडाच्या होड्या असतात. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपवलाय. मुलांना शोधायला लावा. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. हा किल्ला आपल्याला कधीच मिळाला नाही. संभाजीराजांनी समुद्र बुजवून वाट करायला घेतली होती, तरीही. मुलांना हेही खरं ते सांगायचं. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, फोटोसाठी काढायचं नाही.

पवार (बी-२०३): मासे कधी? रविवारी संकष्टी आहे म्हणून विचारतो.

पाटील काका: शनिवारी रात्री नागावला. मिळाला तर जिताडा सांगू. शिवाय भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावू, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. बिनअंड्याचं मडकं वेगळं. येताना पांढरा कांदा, माळ बघून घ्या, नाव सांगून दुसराच देतात.

सेक्रेटरी: रिसॉर्टला नाही कळवतो. नावं उद्या रात्रीपर्यंत द्या. आजी, तुमचं काय?

देशपांडे आजी: मी सांगितलं ना रे.

पाटील काका: आजी, कुलाब्याला काही चढायचं नाही. ओहोटीला किनाऱ्यावरून घोडागाडी थेट किल्ल्यापर्यंत जाते. दरवाजापासून मी हात धरून नेतो, देवळापर्यंत सावकाश जाऊ. तुमच्यासाठी पहिली गाडी.

देशपांडे आजी: मग लिहा माझं नाव. दूर्वा मी शुक्रवारीच निवडून ओल्या फडक्यात बांधून ठेवते. एकवीस जुड्या पुरतील ना?