जपानी ड्रगस्टोअरमधली खरेदी: तुमचे अनुभव लिहा

तोक्योहून परत आल्यावर बॅग उघडली तर निम्मी ड्रगस्टोअरनेच भरलेली. तिकडचं ड्रगस्टोअर म्हणजे आपलं मेडिकल नव्हे. औषधं आहेतच, शिवाय सनस्क्रीन, अंडी, नूडल्स, बाहेर फुटपाथवर टिश्यूचे गठ्ठे. तुम्ही काय आणलंत, कुठे फसलात, लिहा. सुरुवात मी करते.

रोज बाहेरचं खाऊन नवऱ्याची जळजळ थांबेना. शिंजुकूत मात्सुमोतो कियोशी या ड्रगस्टोअरची पिवळी पाटी दिसली, आत शिरलो. मी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी छातीकडे, मग पोटाकडे बोट दाखवून विचारलं आणि ओता इसानचा पत्र्याचा डबा हातात दिला. हॉटेलवर झाकण उघडलं आणि दालचिनी, लवंग, जायफळ, बडीशेप, सगळ्यांचा एकदम वास! १८७९ पासूनचं औषध आहे म्हणे. डब्यात चिमुकला चमचाही असतो. "एवढ्या लांब येऊन मसाल्याचा डबाच घेतलास," इति नवरा. रात्री निमूट घेतलं मात्र.

*

आमची फजिती करमाफीची. कर सोडून पाच हजार येनची खरेदी झाली, पासपोर्ट दाखवला, दहा टक्के वाचले म्हणून खूश. त्यांनी सगळं पारदर्शक पिशवीत घालून सील केलं. दिवसभरात वीस हजार पावलं झालेली, रात्री पोटऱ्या ठणकायला लागल्या. पायाला लावायच्या थंडगार पट्ट्या पिशवीतून दिसतायत, पण जपान सोडेपर्यंत ती उघडायची नाही! शेवटी खाली जाऊन तेच पाकीट पूर्ण किमतीत आणलं. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलतेय: दुकानात पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना तपासणी झाली की कर परत. पिशवीचं सीलही जाणार. आम्ही आधीच जाऊन बसलो, काय करणार.

*

किमतीच्या चिठ्ठीवर बरेचदा दोन आकडे असतात. मोठा दिसतो तो कराविना, आपल्याला भरायचा असतो तो खालचा बारीक. माझा हिशेब तीन दिवस चुकत होता.

*

शाकाहारी मंडळींनो, व्हिटॅमिनच्या गमीज बघून घ्या. लेकीसाठी द्राक्षाच्या चवीच्या चार पुड्या टोपलीत टाकल्या होत्या, मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं तर जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासूनचं. जपानीत 'झेराचिन', चारच अक्षरं. त्यांचा फोटो काढून ठेवला आणि पुढे प्रत्येक पाकिटावर ताडून पाहिला. कोलाजेनची पेयंही त्याच कारणाने राहिली.

*

डोळ्यांत घालायचे थेंब! सान्ते एफएक्सची बाटली दिसायला अत्तराच्या कुपीसारखी. ट्रेनमध्ये एकच थेंब टाकला आणि डोळ्यात बाम गेल्यासारखा उडालो. समोरच्या आजोबांनी पेपर खाली करून पाहिलं. अर्ध्या मिनिटाने मात्र झक्क वाटलं. काही खोक्यांवर गारव्याचे आकडे असतात, नवख्यांनी लहान आकडा घ्यावा.

*

मी कावासाकीत राहतो, पाहुण्यांना घेऊन नेहमी जावं लागतं. लोक्सोनिन ही वेदनाशामक गोळी सगळ्यांनाच हवी असते. ती पहिल्या वर्गातलं औषध, म्हणून शेल्फवर नुसतं रिकामं खोकं असतं. ते काउंटरवर न्यायचं, फार्मासिस्ट दोन प्रश्न विचारणार, मग खरी गोळी. फार्मासिस्ट घरी गेला असेल तर दुकान उघडं असूनही मिळत नाही. एका काकांनी बरीच हुज्जत घातली, मी आपला मान खाली घालून सुमिमासेन, सुमिमासेन (माफ करा, माफ करा).

आणि काउंटरवर 'पॉइंतो कादो' ऐकू आलं की घाबरू नका, पॉइंट कार्ड आहे का एवढंच विचारतात.

*

आईच्या गुडघ्यांसाठी रोइही त्सुबोको नेले. दहा रुपयांच्या नाण्याएवढी गोल गरम प्लास्टरं, एका खोक्यात १५६. आंघोळीच्या बऱ्याच आधी काढायची असतात, हे सांगायला मी विसरले. आईने ती काढल्या काढल्या कढत पाण्याचा तांब्या गुडघ्यावर ओतला. तिची हाक खालच्या मजल्यावर ऐकू गेली. म्हटलं, आता डबा माळ्यावर जाणार. तर तिने कात्रीने प्लास्टरांच्या पट्ट्या कापून अख्ख्या भजनी मंडळाला वाटल्या. धाकटा दीर मार्चमध्ये ओसाकाला चाललाय, त्याच्याकडे मंडळाची यादी कालच पोचली. अकरा खोकी.