एकनळी बंदुकीनं शिकाऱ्याला संयम शिकवला का?

अक्रोडी दस्ता (धागाकर्ता):
छर्ऱ्याच्या बंदुकांच्या इतिहासात कौतुक होतं ते विंचेस्टर कंपनीच्या १८९७ च्या पंपचं (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवली की नवं काडतूस भरणारी) आणि ब्राउनिंगच्या आपोआप काडतूस भरणाऱ्या ऑटो-५ चं. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या साध्या एकनळीची बोळवण ‘गरिबाची बंदूक’ एवढ्यावरच होते. मला हे पटत नाही. पंप बंदूक येऊन चाळीसेक वर्षं उलटल्यावर, १९३६ साली, त्याच विंचेस्टरनं मॉडेल ३७ ही साधी एकनळी काढली आणि १९६३ पर्यंत सुमारे दहा लाख बनवल्या. निव्वळ स्वस्ताईनं एवढा खप होत नाही.

तिची रीत बघा. कळ दाबली की नळी मोडते, म्हणजे बिजागरीवर खाली झुकते, काडतूस घालायचं, नळी मिटायची, घोडा (काडतुसावर ठोका देणारा खटका) अंगठ्यानं मागे चढवायचा, मग चाप. नेम चुकला तर सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ससा झुडपात पसार. म्हणून सावज टप्प्यात आहे का, त्याच्या मागे कोण आहे, हे आधी बघायची सवय हाताला लागते. शिकारीतला संयम या बंदुकीनं घडवला, असं माझं ठाम मत आहे.

पाणबदक:
पूर्ण असहमत. अमेरिकेत चेसापीकच्या खाडीत बाजारासाठी बदकं मारणारे होडीच्या पुढच्या टोकावर भलीमोठी बंदूक बसवायचे. वजन चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत, आणि एका बाराला अर्ध्या किलोच्या आसपास छर्रे. अंधारात आवाज न करता होडी वल्हवत पाण्यावर झोपलेल्या थव्याजवळ जायचं आणि बार काढायचा. डझनांनी पक्षी एका दणक्यात. ती बंदूकही एका बाराचीच होती!

तिला आवरलं कायद्यानं. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखालच्या नियमांनी १० बोअरपेक्षा मोठी बंदूक बंद केली (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी मोठी). पण प्रवासी कबुतरांसाठी फार उशीर झाला होता. त्यांतली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ही जात संपत होती त्या काळात बहुतेक शिकाऱ्यांच्या हातात एकनळी किंवा दुनळीच होती, हे विसरू नका.

अक्रोडी दस्ता:
होडीवरची तोफ आणि खांद्यावरची बंदूक एका मापानं मोजू नका. तिथे नेम एका पक्ष्यावर नसतो, थव्यावर असतो. आणि कायद्याचाच दाखला द्यायचा तर १९३५ चा नियमही घ्या: पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत. पंपच्या काडतुसं साठवायच्या नळकांड्यात लाकडाची खुंटी ठोकायला लावली. म्हणजे काडतुसं कमी तर संहार कमी, हे सरकारनंही मानलंच ना?

पाणबदक:
मानलं. पण त्याच वर्षी जिवंत बदकं बांधून थवे बोलावण्यावर आणि दाणे टाकून पक्षी गोळा करण्यावरही बंदी आली. काडतुसांची मर्यादा हा त्यातला एक तुकडा. श्रेय सगळं बंदुकीला देऊ नका.

घोडा आणि चाप:
दोघंही एक गोष्ट सोडताय. जखमी सावजाचं काय? दुनळीची दुसरी नळी त्याच्याचसाठी कामाला येते. एकनळीवाला काडतूस बदलेपर्यंत पंख तुटलेलं बदक बोरूच्या गवतात शिरतं आणि तिथे तडफडून मरतं. याला संयम म्हणायचं?

शिवाय ही बंदूक मुलांच्या हातात पहिली दिली जाते. हलकी असते, म्हणून १२ बोअरचा धक्का खांद्यावर जबर बसतो, पोर चाप ओढताना डोळे मिटायला शिकतं. आणि घोडा! थंडीत बोटं बधिर झाली होती, माझ्या अंगठ्याखालून एकदा तो निसटला. नळी जमिनीकडे होती म्हणून मी आज हे लिहितोय. पुढे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचूच नये अशी पट्टी बसवलेल्या बंदुका आल्या, पण जुन्या अजून वापरात आहेत. त्या मुलांना देऊ नका, कळकळीनं सांगतो.

अक्रोडी दस्ता:
जखमी सावजाच्या मुद्द्यावर मी हरलो. तेवढ्यापुरतं मूळ विधान मागे घेतो.

‘गरिबाची’ हा शिक्का मात्र मान्य नाही. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या अमेरिकी ट्रॅप नेमबाजीत एका चकतीला एकच बार, म्हणून इथाकासारख्या कारखान्यांनी खास महागड्या, कोरीवकामाच्या एकनळ्या बनवल्या. बँडसंगीताचे जॉन फिलिप सूसा या खेळाचे वेडे होते. त्यांच्या नावाचा एक दर्जाच इथाकानं काढला होता.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर नळी मोडून हातावर टाकली की पन्नास पावलांवरूनही दिसतं, या बंदुकीतून आता बार निघणार नाही. पंपच्या पोटात काय आहे ते जवळ उभ्या माणसालाही कळत नाही.

पाणबदक:
हे शंभर टक्के खरं. पण दुनळीही तशीच मोडते.