कचरागाडीवरचा विंगर आणि आपले शहाणे

डावी_बाजू: स्कॉटलंडच्या आर्ब्रोथ या अर्धवेळ फुटबॉल क्लबचा विंगर (कडेने खेळणारा) बॉबी लिन. काल इथे एकाने त्याच्यावर लिहिलं, "बॉबी लिन म्हणजे डंडीच्या क्लबात जमलं नाही म्हणून आर्ब्रोथला जाऊन बसलेला कचरावाला. कसलं करिअर?" डोकंच फिरलं. २०१३ ला तो आर्ब्रोथला आला आणि वर्षभरात क्लब स्कॉटिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवर घसरला. तरी टिकला. २०१७ ला लीग टू (चौथी पायरी), २०१९ ला लीग वन (तिसरी) जिंकली. त्याच मोसमात लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बाकीच्या खेळाडूंनीच त्याला निवडलं. हे सगळं डंडीत कचऱ्याचे डबे ओढून.

स्पष्ट_बोलतो: ते वाक्य माझं. माघार नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच. कचरागाडी काढली तर कुणी नाव तरी घेतलं असतं का?

मीनल_डंडी: आर्ब्रोथच्या मैदानावर, गेफील्डला, एकदा येऊन बघा. समुद्र भिंतीपलीकडेच. कॉर्नरला ठेवलेला चेंडू वाऱ्याने दोनदा पळाला, तिसऱ्यांदा मारला तो वळून गोलच्या मागे. तिथे कडेने पळून क्रॉस टाकायचा म्हणजे काय, ते सोफ्यावरून कळत नाही.

परळकर: निदान तो खरंच काम करायचा! आमच्याकडे मुंबईत स्पोर्ट्स कोट्यातले अकराला सही करून कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर पसार.

हार्वूड_लीग: ओ परळकर, तोंड सांभाळा. माझे बाबा एका बँकेच्या संघात होते. गुडघा गेला, पुढच्याच महिन्यात डिस्पॅचला पाठवलं. बावीस वर्षं पाकिटं चिकटवली. पसार म्हणे!

परळकर: सगळ्यांना म्हणालो नाही.

हार्वूड_लीग: "आमच्याकडे" म्हणजे सगळेच. आणि कोटा नसता तर मुंबईत फुटबॉल उरला असता का? महिंद्रा युनायटेडने २००६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला संघच बंद. पूर्णवेळ व्यावसायिकपणाचं कौतुक मला सांगू नका. पोरांच्या हातात काय उरलं?

स्पष्ट_बोलतो: धागा लिनवर आहे, की तुमच्या बाबांच्या गुडघ्यावर?

हार्वूड_लीग: गुडघ्यावरच आहे. लिनचा गेला असता तर सोमवारी गाडी होती. बाबांची नोकरीच गुडघ्यावर होती.

डावी_बाजू: बरोबर. २०२१-२२ ला आर्ब्रोथचे अर्धवेळ खेळाडू प्रीमियरशिपच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीच्या दारात होते, पहिल्या आलेल्या किल्मार्नॉकपेक्षा दोनच गुण कमी. मग प्लेऑफमध्ये इन्व्हरनेसने पेनल्टीवर बाहेर काढलं. लिन त्या संघात होता. पुढच्या वर्षी क्लब सुटला, पोटापाण्याची नोकरी सुटली नाही.

स्पष्ट_बोलतो: म्हणजे हरलेच ना.

मीनल_डंडी: तुम्ही शेवटचं कुठे जिंकलात हो?

स्पष्ट_बोलतो: सोसायटीच्या कॅरममध्ये. बरं, 'जाऊन बसलेला' हे शब्द मागे घेतो. पळत होता. वाऱ्याविरुद्ध. खूश?

परळकर: हार्वूड, बाबांना पेन्शन तरी मिळते ना?

हार्वूड_लीग: तुम्हाला कशाला चौकशा?